माझ्या ग्राफीनवर कुणाचा तरी डोळा आहे

३ डिसेंबर, बेलो होरिझोन्ती, ब्राझील
आजपासून रोजनिशी. पुढेमागे पुरावा लागेल. माझ्या सेंद्रिय सोलर सेलने आज बारा टक्के उन्हाची वीज केली. सगळं श्रेय मी बनवलेल्या ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यांच्या शाईला. वीस तारखेला प्रत्येकाने आपल्या सेलवर छोटा पंखा फिरवून दाखवायचा. प्रोफेसर इवोनेते पुढच्या वर्षाची नोकरी एकालाच देणार, मला किंवा लॅबमधल्या जुसाराला. म्हणजे मलाच. जुसाराने विचारलं, अदेल्मो, जमवलंस कसं रे? सहज म्हणे. सहज कुणी विचारत नसतं.

४ डिसेंबर
ठराव: शाईची बाटली रोज घरी न्यायची. फ्रीजरमध्ये, चीजच्या पावांमागे. चोराच्या बापाला सापडणार नाही.

७ डिसेंबर
सात टक्के. थरात काळे ठिपके. कुणीतरी शाईत काहीतरी कालवलंय. मी कॉफीला गेलो तेव्हाच. उद्यापासून कॉफी बंद.

९ डिसेंबर
डोकं ठणकतंय. दोन टक्के. कॉफी सुरू, पण बाटली खिशात.

११ डिसेंबर
लॅबमध्ये नाताळच्या 'गुप्त मित्र' खेळाच्या चिठ्ठ्या निघाल्या. मी नाव घातलं नाही. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला भेट द्यायची, त्यासाठी त्याच्या सवयी हळूच काढून घ्यायच्या. हेरगिरीच की ही, वर केक! दारापाशी कुजबुज. मी आलो की गप्प.

१४ डिसेंबर
जुसारा म्हणाली, शाई गोठवतोस का रे? ग्राफीनचे पापुद्रे एकमेकांना चिकटतात, मग सुटत नाहीत. नवी बनव, अजून वेळ आहे. फ्रीजरचं हिला कुणी सांगितलं? घराचं कुलूप बदललं. शाई तीच. नवी बनवली तर कृती बघून घेईल.

२० डिसेंबर
माझ्या सेलवर पंखा हललासुद्धा नाही. सगळ्यांसमोर. जुसाराचा भिरभिरला. नोकरी तिला. फार वाईट वाटलं. घरी जाणार होतो, पण 'गुप्त मित्रा'च्या भेटी आणि केक होता.

माझी चिठ्ठी जुसारानेच घातली होती म्हणे, आणि निघाली तिलाच. योगायोग! रिवाजाप्रमाणे नाव न घेता तिने वर्णन केलं: माझा मित्र हुशार आहे, कुणावर विश्वास ठेवत नाही, आणि त्याच्या बाटलीला चीजच्या पावांचा वास येतो. अख्खी लॅब ओरडली, अदेल्मो!

भेट म्हणजे लॅबच्या फ्रीजात मावेल अशी कुलपाची पेटी. म्हणाली, दोन्ही किल्ल्या तुझ्याकडेच ठेव, पण बाबा, शाई आता गोठवू नकोस. मार्चमध्ये आणखी एक जागा निघतेय, मी प्रोफेसरांकडे तुझ्यासाठी शब्द टाकलाय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिठी मारली. मी!

२२ डिसेंबर
नवी शाई बनवली. सुरेख झाली. बारा टक्के.

दुपारी शांतपणे विचार केला. असल्या कुलपांना तीन किल्ल्या येतात.

पेटी रिकामीच कुलूप लावून लॅबच्या फ्रीजात ठेवली. बसा म्हणावं उघडत. बाटली घरी आणली. पावांमागे, अगदी आत.