रविवारच्या बदल्यात मे महिना

अण्णा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमची वाक्यं आठवतात, पण आवाज आठवायला थोडं थांबावं लागतं. आज माझ्या मुलीच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि तुम्हाला लिहावंसं वाटलं.

तुमचा आणि आईचा घटस्फोट झाला तेव्हा साताऱ्याच्या कोर्टानं मला आईकडे दिलं आणि तुम्हाला रविवार दिला. तासगावच्या बेदाण्याच्या शेडवरून पहाटेची एसटी धरून तुम्ही यायचा. स्टँडच्या कँटीनमध्ये आपण भजी खायचो. तुमच्या शर्टाला बेदाण्यांना देतात त्या गंधकाच्या धुरीचा वास असायचा. मग आईला हुबळीच्या एका दवाखान्यात नर्सची कायमची नोकरी लागली. मला राज्याबाहेर न्यायला कोर्टाची परवानगी हवी होती, म्हणून तिनं हुकूम बदलून मागितला. तुम्ही वकील देऊन हरकत घेतलीत.

न्यायाधीशांनी मला आत बोलावून विचारलं, बाळ, तुला कुणाजवळ राहायचंय? मी दहा वर्षांची. मला नुसतं रडू आलं. बाहेर आले तर तुम्ही व्हरांड्यात उभे, माझ्या तोंडाकडे बघताय. मग तिथंच, कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा, तुम्ही आईशी सरळ बोललात.

"तितं मराठी शाळा हाय का?"

"आहे. घराजवळच आहे."

"मग माझी हरकत न्हाई. पोरीला परत असलं कुणी इचारायचं न्हाई."

तुमचे वकील चिडले. तुम्ही ऐकलं नाहीत. हुकूम बदलला. रविवार गेले आणि त्यांच्या बदल्यात मे महिना आला. मला मात्र एवढंच कळलं, की अण्णांनी आपल्याला सोडून दिलं.

पहिल्या मेमध्ये तुम्ही हुबळीला न्यायला आलात आणि दारातूनच म्हणालात, "ऊट आतेनु?" जेवलीस का, हे तुम्ही मला कानडीत विचारत होता. मी हसत सुटले. शेडवर कर्नाटकातून आलेल्या बायकांकडून तुम्ही कानडी शिकत होता. "तू मराठी इसरलीस तर मी बोलायचं कसं?" तुम्ही अगदी गंभीरपणे म्हणालात. मी मराठी विसरले नाही, तरी दरवर्षी तुम्ही चार नवे शब्द घेऊन यायचा. आई म्हणायची, आत या, चहा घ्या. तुम्ही चप्पल न काढता पायरीवरच बसायचा आणि चहा तिथंच प्यायचा. कपबशी तेवढी स्वतः विसळून ठेवायचा.

वाढत्या वयात मला वाटू लागलं, की हा माणूस कोर्टानं सांगितलंय म्हणून येतो. तासगावला मी पुस्तक घेऊन बसायची. तुम्ही द्राक्षबागेत चल म्हणायचा, मी ऊन आहे म्हणायची. तुम्ही एकटेच जायचा.

मग मला अठरा वर्षं पूर्ण झाली. त्या मेमध्येही तुम्ही आलात. पायरीवर बसला नाहीत, उभेच राहिलात. हातातली पिशवी या हातातून त्या हातात करत म्हणालात, "आता कोर्टाचा हुकूम संपला. तुज्यावर सक्ती न्हाई. येतीस का?"

इतक्या वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदाच विचारत होता. मी "येते" म्हणाले. त्या महिन्यात रोज तुमच्याबरोबर बागेत गेले. परतीच्या एसटीत तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलात, ते हुबळीच्या स्टँडवर मी हलवलं तेव्हाच उठलात. त्याच पावसाळ्यात तुमच्या छातीत कळ आली. आम्ही पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. आई तुमच्या दारात उभी राहिली, आत गेली नाही.

अण्णा, हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. त्या दिवशी मी "येते" म्हणाले, ते दवाखान्यातून परत येऊन तुमच्या मागे उभ्या राहिलेल्या आईनं डोळ्यांनी खुणावलं म्हणून. तिनं खुणावलं नसतं तरी मी तेच म्हणाले असते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. खात्री मात्र नाही.