पोतोसीतली गाढ झोप

३ जून
पोहोचलो! जन्मभर सूक्रेच्या शाळेत कविता शिकवल्या, पण त्या लहानपणी पहिल्यांदा पाठ केल्या त्या इथं, पोतोसीत. तोच तांबडा डोंगर, त्याच वाकड्या गल्ल्या, आणि थंडी अशी की शब्दसुद्धा तोंडातून पांढरे निघतात. घरमालकीण दोन्या प्लासिदा विधवा, बडबडी. तापलेला दगड टाकून खदखदणारं कालापुर्काचं सूप वाढताना म्हणाली, "मास्तर, दगड खायचा नसतो हं. सूक्रेवाल्यांना सांगावं लागतं." पोटभर हसलो. आता मरेपर्यंत इथंच.

६ जून
चौकात उन्हाला बसून लहानपणची अंगाई म्हणत होतो:
डोंगरबाबा, डोळे मीट,
चांदी तुझी निजली नीट.
शेजारची बटाटेवाली ऐकता ऐकता घोरू लागली. माझ्या वर्गातही हेच व्हायचं! परतताना चढावर धाप लागली नाही. गावानं आपलं लेकरू ओळखलं.

१० जून
डोकं फिरलंय माझं. बटाटेवालीनं अंथरूण धरलं. कुशीवर लाल रेघ आहे म्हणे. आणि तो खाटीक कासिमिरो भर बाजारात ओरडतो, "या, लिकिचिरी! कुणाची चरबी न्यायची? आमच्या बायका वाळक्याच आहेत, दुसरं गाव बघा!" लिकिचिरी! मंत्रानं माणूस निजवून कुशीतून चरबी ओढणारा! मी? मुलांना यमक शिकवण्यात हाडं झिजवणारा मी? काठीच उगारली. दोन्या प्लासिदा माझ्याआधी त्याच्यावर तुटून पडली: "मेल्या, तू मटणात हाडं घालतोस ते आधी बघ!"

१३ जून
न्हावी दाढी करता करता उभ्यानं पेंगला. मी नुसता गुणगुणत होतो. आता तोही आजारी. मला बघून दुकानांच्या फळ्या लागतात. अडाणी! कृतघ्न! रागानं अंग पेटलंय. खरंच पेटलंय, या गारठ्यात कोट नकोसा होतो. कालपासून अन्नावर वासना नाही, तरी पट्टा तंग—

१५ जून
दुपारी गच्चीवर दोन्या प्लासिदा लोकर कातत होती. म्हणाली, म्हणा ती अंगाई, बघू कोण मरतंय. मीही ईर्ष्येनं म्हटली. चाती गळली. ती कलंडली, पोलकं सरकलं, आणि कुशीवर रेघ उमटत गेली. मी जागचा हललो नव्हतो. माझ्या पोटात मात्र ऊब—

१६ जून
कासिमिरो खिडकीखालून ओरडून गेला: एकदा ऐकणारा आजारी पडतो, दुसऱ्यांदा ऐकणारा उठत नाही. खरं बोलतोय हरामखोर. म्हणून जास्तच चीड. कडी मोडकी, नुसतं कुलूप लावलंय. जीभ चावून धरली. ओठ हलतातच. उद्या सकाळची बस.

१७ जून
जिन्यावर ती. भिंत धरत, खोकत. नको येऊस, बाई— ओरडायला तोंड उघडलं तर यमकच बाहेर— मफलर कोंबला तोंडात—
किल्ली तिच्याकडेही आहे.
किती वाळली! तरी हसतेय. म्हणते, त्या नालायकांपायी तुम्ही का गप्प, मास्तर? मी आहे ना ऐकायला.
मूर्ख बाई, पळ! हे बघ, मोठ्या अक्षरात लिहिलं— पळ— वहीच तिच्या डोळ्यांपुढे धरली. तिला वाचता येत नाही. कविता समजून मान डोलावते. तिचा हात माझ्या मफलरकडे—