कोपरा गोल करायचा राहिला

अंबरनाथ, गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९६

पंपाचं ओतकाम आज नेमकं त्याच कोपऱ्यात तडकलं. माझ्या कॉम्प्युटरवरच्या थ्री-डी मॉडेलवरून गायकवाडकाकांनी त्याच्या साच्यासाठी लाकडी पॅटर्न केला होता. तेव्हाच स्क्रीनवर अंगठा टेकवून म्हणाले होते, "पोरी, हा कोपरा गोल कर. इथे तडा जाईल." मी काय म्हटलं? "काका, आहे तसंच करा. कॉम्प्युटर चुकत नाही."

आज साहेबांनी विचारलं, चूक कोणाची? काका तड्यावर अंगठा फिरवत म्हणाले, "माझी. कोपरा गोल करायचा राहिला."



उद्या साहेबांना खरं सांगायचं, असं लिहिणार होते. मग आठवलं, उद्या ते पुण्याला चाललेत. केवढं हायसं वाटलं मला.