सोपानरावांचा बस्ता

२२ नोव्हें. ९९, राहाता
सोपानराव वस्तीवरून आले. नात संगीताचं लग्न ठरलं. त्यांच्या घरातल्या तीन लग्नांची कापडखरेदी, अख्खा बस्ता, आमच्याच गादीवर बांधला. आज मात्र टोपी हातात फिरवत बसले.
"नवऱ्या मुलाचा भाऊ अमेरिकेत हाय, नाना. शालू काम्पुटरवर निवडून धाडतोय. आहेराच्या साड्या बी तिथनंच घ्या म्हनतो."
चहा अर्धा टाकून गेले.
आमच्या मुलाला, सुधीरला, निम्म्या दुकानात संगणक मांडायचेत. "लोक इथं बसून हवं ते मागवतील, नाना." म्हटलं, सोपानरावांचा बस्ता आपल्याकडे झाला तर दुकान आहे तसं राहील. नाही तर तू म्हणशील तसं. बोलून गेलो खरा.

२७ नोव्हें.
सुधीरने नगरला नेलं, मित्राकडे, इंटरनेट दाखवायला. पडद्यावर साडी वरून खाली पट्टीपट्टीने उतरते. पदर येईस्तोवर चहा संपला. बोट लावलं, नुसती काच.
चौथीत गुरुजी कविता डोळे मिटून म्हणायला लावत. शब्द हाताला लागले पाहिजेत म्हणत. येताना एस.टी.त मोराची कविता म्हणत होतो. तिसऱ्या कडव्याला अडलो.

९ डिसें.
पार्सल आलं. आमच्याच दुकानात. वस्तीवर कुरिअर जात नाही म्हणून सोपानरावांनी पत्ता आमचा दिलेला. सही मी केली. वरच्या फळीवर ठेवलं. दिवसभर तिकडे बघायचं नाही असं ठरवून...

१० डिसें.
सोपानराव, त्यांची बायको कौसाबाई, संगीता. चपला बाहेर काढून गादीवर, नेहमीसारखे. खोका इथेच फोडला. हिरवा शालू. कौसाबाईंनी हात लावला नाही. माझ्यापुढे सरकवला.
"तुमी सांगा नाना. फसिवलं तर न्हाई ना?"
सुधीर दारात उभा. नुसती नकाराची मान हलवली असती तरी बस्ता आपल्याकडे आला असता. पदर उलटा केला. जरीची तार नखाने पाहिली. काठ उजेडात धरला. मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ.
"चांगला आहे. माझ्याकडे असा नाही."
संगीता खुलली. सोपानराव म्हणाले, "मग आहेराचं बी कळवून टाकू."
कौसाबाई खोका चाचपत होत्या. "आन् देवाचं वस्त्र कुटंय? का अमेरिकेत देवाला उघडंच ठेवत्यात?"
बस्त्यात पहिलं वस्त्र देवाचं काढतात. खोक्यात कोण घालणार? खण कापून दिला. कौसाबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, मग शालूलाही. माझ्या गादीवर.
"म्होरलं आईतवारी बघू," म्हणाल्या. कुठे, ते बोलल्या नाहीत.

११ डिसें.
सुधीर जेवताना, "नुसतं बरा आहे म्हणाला असतात, नाना."
"मग तुझे संगणक?"
पोर वाईट नाही. दमलो.

१२ डिसें., रविवार
गादीला धुतलेली चादर घातली. मोराचं तिसरं कडवं निम्मं आठवलं. बारा वाजले. एक जीप आली, पुढे निघून गेली.
सुधीर भिंत मोजतोय, टेबलांसाठी. कापड मोजायची माझीच पट्टी घेतलीये. मोजत मोजत गादीपाशी आला.
"नाना, जरा उठता?"
म्हटलं, दिवस मावळू दे.