ह्यांचं पिस्तूल, नकुलची तिजोरी आणि बाकीचं घर

सगळ्यांत आधी शेजारची सुचेता आली. चारला बोलावलं होतं, ही साडेतीनलाच दारात, हातात रिकामा डबा. "मृत्युपत्र करतेस म्हणजे काहीतरी गोड केलं असशील," म्हणाली. परीक्षित भावजी मात्र चारच्या ठोक्याला आले. दोघं आता समोर बसून चहा घेताहेत आणि सुचेता मान लांब करून मी काय लिहिते ते वाचते आहे. वाच बाई. तुला साक्षीदार म्हणून सही करायची आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही असा इथला कायदा आहे. माझ्या जांभळ्या पैठणीवर तुझा तीस वर्षं डोळा, म्हणून तर तुला बोलावलं.

तर मी, सुप्रभा पुरुषोत्तम खानविलकर, वय सत्त्याहत्तर, मूळची खेड तालुक्यातली, त्रेपन्न वर्षं लेस्टरमध्ये राहणारी, माझ्या हातानं लिहून देते की माझं डोकं ठिकाणावर आहे, गुडघे तेवढे नाहीत. मला कोणी धमकावलेलं नाही, फितवलेलं नाही. चौथीपर्यंत शिकले, तेव्हा चुका असतील, पण अर्थ एकच निघेल असं लिहिते. माझ्या ईशानीची मैत्रीण अर्चना वकीलीण आहे. ती म्हणाली, मावशी, मराठीत लिहिलंत तरी चालतं, मी नंतर इंग्रजी करून देईन. याआधी नकुलनं टाईप करून आणलेल्या मृत्युपत्रावर मी न वाचता सही केली होती, ते आजपासून रद्द. त्यात ह्यांचं पिस्तूल तिजोरीसकट नकुलकडे जाईल असं होतं. ते आता होणार नाही. का नाही, ते चौथ्या कलमात येईल.

पहिलं कलम, घर. बेलग्रेव्ह रोडच्या मागचं हे घर माझ्या दोन मुलांना, नकुल आणि ईशानीला, निम्मं निम्मं. बँकेत असेल तेही तसंच. मागच्या खिडकीतली कढीपत्त्याची कुंडी ईशानीनं एडिनबराला नेऊ नये. तिनं आधीच दोन मारल्यात.

दुसरं कलम. माझं शिलाईचं मशीन आणि तिन्ही कात्र्या नकुलच्या मुलीला, मायराला. सात वर्षांची आहे, पण सुईत दोरा माझ्या आधी ओवते. अठ्ठावीस वर्षं मी होजियरीच्या कारखान्यात ओव्हरलॉकचं शिलाई मशीन चालवलं, माझ्या हाताखाली पन्नास मुली शिकल्या, एकीलाही पहिल्या दिवशी दोरा ओवता आला नव्हता. तिचा भाऊ वीर पाच वर्षांचा आहे, त्याला माझी सगळी पातेली. तो त्यांत बसतो.

तिसरं कलम. ती पैठणी साराला. सारा म्हणजे माझी सून, नकुलची बायको. नेसू दे, पडदा करू दे, तिची मर्जी. दसऱ्याच्या दिवशी ह्या घरात शहाण्यासारखं वागलेलं एकच माणूस, ती.

चौथं कलम, पिस्तूल. हे नीट लिहायचं आहे, म्हणून सुचेता, मध्ये बोलू नकोस.

ह्यांना नेमबाजीचा नाद. आमच्या सासऱ्यांकडे गावी डुकरं हाकलायला ठासणीची बंदूक होती, त्यातला हा वारसा. १९८४ साली घरात कपडे धुवायचं मशीन यायचं होतं, त्याऐवजी छऱ्यांचं पिस्तूल आलं. मी आणखी दोन वर्षं चादरी बाथटबमध्ये तुडवल्या, हे ह्या निमित्तानं नोंदवून ठेवते. इंग्लंडात असल्या पिस्तुलाला लायसन लागत नाही, पण अठराच्या आतल्या मुलांच्या हाती ते लागू नये ही जबाबदारी घरच्यांची. ह्यांनी ते कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं, पितळी कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या कमरेला दिली. नकुल आणि ईशानी ह्याच घरात वाढली. चौतीस वर्षांत कोणाचं बोट त्याला लागलं नाही.

मग मायरा झाली आणि नकुलनं तिजोरी आणली. काळी, ब्रेडच्या डब्याएवढी, पुढं आकड्यांची बटणं, फिरवायची मूठ आणि बोट ठेवायला एक काच. "आई, ह्याला चावी लागतच नाही." खरं तर लागते. अडीअडचणीला म्हणून एक किल्ली तिच्याबरोबर आली होती. ती सेफ राहावी म्हणून नकुलनं तिजोरीच्या आत ठेवली. मुलगा क्रॉयडनला सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहे.

ह्यांचं बोट ती चारदा ठेवलं की एकदा ओळखायची. माझं कधीच नाही, कारण ओव्हरलॉकनं आणि तव्यानं माझ्या बोटांवरच्या रेघा पुसल्यात. नकुल म्हणाला, साबणानं धू. मग म्हणाला, क्रीम लाव. मग म्हणाला, जोरात नको, हळुवार ठेव. एवढ्या हळुवारपणे मी नवऱ्याशी पन्नास वर्षांत वागले नाही. बॅटऱ्या संपत आल्या की ती पिप् पिप् करायची. ह्यांना वाटायचं फ्रिज वाजतो, मला वाटायचं ह्यांच्या कानातलं मशीन. आकडे तीनदा चुकले की रुसून बसायची आणि लाल दिवा लावायची. असली रुसणारी माणसं मी सासरी खूप पाहिली, पण ती बॅटरीवर चालत नव्हती.

गेल्याच्या गेल्या वर्षी फेब्रुवारीत ह्यांना हॉस्पिटलनं घरी पाठवलं, म्हणजे काय ते आम्हाला कळलं होतं. हे म्हणाले, माझं मेडल दाखवा. काउंटीच्या नेमबाजी स्पर्धेतलं, पिस्तुलाबरोबर तिजोरीत होतं. ह्यांची बोटं इतकी वाळलेली की काच ओळखेना. आकडा ह्यांनी मध्येच बदललेला, तो आठवेना. बॅटऱ्या मेलेल्या. नकुलनं नव्या घातल्या, त्याचं बोट ठेवलं, लाल. दोन दिवस तो त्या खोलीत जमिनीवर बसून फोनवर माहितीपुस्तक वाचत होता आणि बाप पलंगावरून त्याच्याकडे बघत होता. आकडा शेवटी ह्यांच्या डायरीत सापडला, नेमबाजीच्या क्लबच्या फोनचे शेवटचे सहा आकडे. तोवर ह्यांना स्मशानात पोचवून आलो होतो आम्ही. त्या दिवसापासून नकुल त्या पेटीला जिवापाड जपतो. मला ते कळतं. पण कळतं म्हणून घरात ठेवायची का?

आता दसरा. इथं आपले सण शनिवारी येतात, म्हणून ४ ऑक्टोबरला. आमच्याकडे शस्त्रांची पूजा असते. पिस्तूल, माझ्या कात्र्या, ह्यांचा स्क्रूड्रायव्हर, सगळं पाटावर मांडायचं. नकुल पोरांना घेऊन मोटरवेवर अडकलेला, मला तर ती उघडता येत नाही. मग मी बंद तिजोरीचीच पूजा केली. आता कुंकू कुठं लावणार? बरोब्बर मध्ये, कपाळासारखी ती काच होती तिथं. वर हळद, वर अक्षता. ही चूक माझी, मी लिहून देते.

नकुल आला, बोट ठेवलं, लाल दिवा. ओल्या फडक्यानं पुसलं तर कुंकू काचेच्या कडेनं आत गेलं. आकडे दाबायला गेला तर सातच्या बटणाखाली तांदूळ. अर्धा तास तो हळू आवाजात इंग्रजी शिव्या देत होता. मी म्हटलं, आधी जेवून घ्या, पुऱ्या गार होताहेत. बसलो. वीर माझ्या मांडीवर, श्रीखंड कोपरापर्यंत. तेवढ्यात सारा म्हणाली, "मायरा कुठे आहे?"

मायरा दारात होती. आरतीचं ताट धरावं तसं दोन्ही तळव्यांवर पिस्तूल. "आजी, आय ओपन्ड इट. आता पूजा कर ना."

नकुलनं विचारलं, कसं उघडलंस? तर म्हणते, "आजी मिक्सरला करते तसं." माझा मिक्सर मध्येच थांबतो, मग मी त्याच्या डोक्यावर एक थाप मारते. हिनं तिजोरी पलंगावरून ओढली, कारण ती भिंतीला बोल्टनं बसवलेलीच नव्हती, आणि थापा मारत मूठ फिरवली.

खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा मला अभिमान वाटला. इंजिनिअरला अर्ध्या तासात जमलं नाही ते माझ्या नातीला जमलं. तो अभिमान एक श्वासभर टिकला. मग मला आठवलं, छऱ्यांचा डबापण त्याच पेटीत आहे. साराच्या हातातली पुरी तशीच हवेत होती. तिनं उठून मायराच्या हातून ते अलगद घेतलं, नळी भिंतीकडे करून.

"तो लोडेड नव्हता," नकुल म्हणाला.

"हे तुला माहीत आहे, की तशी आशा आहे?" सारा इंग्रजीत म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. पोरांना बूट घातले, वीरची कोपरं पुसली आणि दारात मला मिठी मारून म्हणाली, "आई, तुमच्यावर राग नाही. पण ते ह्या घरात आहे तोपर्यंत मुलं इथं येणार नाहीत." मी तिला म्हटलं, बरोबर आहे. ती गाडीत बसली तेव्हा रडत होती. मायराला वाटलं, तिनं काहीतरी पाप केलं. हे मला सगळ्यांत लागलं.

नकुलनं पिस्तूल परत आत टाकलं, मूठ हलवून दाखवली, म्हणाला, "बघ, आता एकदम घट्ट." मग आठवडाभर फोन. "आई, बाबांचा पिस्तूल आहे, घरातच राहायला पाहिजे. मी अजून मोठा सेफ आणतो. फोर पॉइंट सिक्स स्टार्स आहेत त्याला." मी म्हटलं, हिला किती होते? ईशानीला विचारलं, तर ती म्हणाली, "माझ्याकडे अजिबात पाठवू नकोस, स्कॉटलंडमध्ये छऱ्याच्या बंदुकीलासुद्धा सर्टिफिकेट लागतं. आणि आई, सारा बरोबर आहे." पोटची मुलगी चांगल्या वेळी चांगलं बोलली, पहिल्यांदाच.

ह्यांनी त्यांचं सगळं माझ्या नावे केलं होतं, म्हणजे पिस्तूल माझं. म्हणून मी ते मेल्यावर कोणाला देत नाही, आज जिवंतपणी परीक्षित भावजींच्या हातात देते. ते क्लबचे सेक्रेटरी, ह्यांच्याबरोबर बावीस वर्षं नेम धरलेले. सुचेता लगेच, "मग ह्यांची सही कशी चालेल? ह्यांना तर पिस्तूल मिळालं." मी म्हटलं, ते आज हातानं दिलं, मृत्युपत्रानं नाही. अर्चनाला विचारून ठेवलंय, तुझ्यासारख्या बायका असतात म्हणून.

आकडा नकुलनं पुन्हा बदललेला, मला सांगेना. तेव्हा आत्ता चहाच्या आधी ह्या दोघांसमक्ष मी तिजोरी टेबलावर घेतली आणि मायरासारखी थाप मारली. एक. दोन. तिसऱ्याला उघडली. मी सत्त्याहत्तर वर्षांची, उजव्या मनगटात संधिवात.

"माझा पापडाचा डबा ह्याहून घट्ट आहे," सुचेता म्हणाली.

परीक्षित भावजींनी तिजोरीचं दार दोनदा उघडमीट करून पाहिलं. मग म्हणाले, "वहिनी, मी अशीच घेतली आहे. सेलमध्ये." आणि उठून पॅसेजमध्ये गेले. फोनवर बायकोला सांगताना ऐकू आलं, "स्वराली, बेडरूमला कुलूप लाव आणि किल्ली तुझ्याजवळ ठेव. का ते घरी येऊन सांगतो." परत आल्यावर त्यांनी समजावलं की सगळ्याच अशा नसतात. जड असतात, तपासून शिक्का मारलेल्या असतात, भिंतीला बोल्टनं बसवतात, त्या चांगल्या. मी म्हटलं, असतील, पण तुमच्या-माझ्या घरी ह्याच आल्या. त्यांनी पिस्तूल उघडून तपासलं. रिकामंच होतं. मग टॉवेलात गुंडाळून किल्लीच्या लोखंडी पेटीत घातलं, छरे वेगळ्या पिशवीत, आणि गाडीच्या डिकीत ठेवून आले. मला पावती लिहून दिली. ती ह्या कागदाला जोडली आहे.

पाचवं कलम. रिकामी तिजोरी नकुलला. त्यानं तिच्यात आपला पासपोर्ट ठेवावा आणि सुट्टीच्या सकाळी टॅक्सी दाराशी उभी असताना काढून बघावा. ह्यांचं मेडलही नकुलला. ते आता देवाच्या फळीवर आहे, कधीही हात घालून घे. आणि नकुल, हे तुझ्यासाठी लिहिते. बाबांना मेडल दाखवता आलं नाही ह्यात तुझा दोष नाही. तू दोन दिवस तिथं होतास, ते बघत होते, आणि तुझं डोकं बघून मला म्हणाले होते की पोरगा माझ्यासारखा टकला होणार. एवढंच म्हणाले. मेडलाचं नाव पुन्हा काढलं नाही. हे तोंडानं सांगायला गेले की तू बॅटऱ्यांचं बोलायला लागतोस, म्हणून कायद्याच्या कागदावर लिहून देते.

सहावं कलम. हे सगळं बजावायचं काम ईशानीनं करावं, अडलं तर अर्चनाला विचारावं. माझ्या दहाव्या-बाराव्याला सुट्टी मिळत नसेल तर शनिवारी करा, मला चालेल.

शेवटचं. सहीच्या खाली काही लिहायचं नसतं, म्हणून वरच लिहिते. पावणेपाचला नकुलला फोन केला. सांगितलं, पिस्तूल गेलं. तो म्हणाला, "कोड कोणी दिला?" मी म्हटलं, कोणी नाही, मी उघडली. त्यानं फोन साराकडे दिला. साराला माझ्या शब्दावर भरवसा आहे, तरी मीच म्हटलं, भावजींना विचार. तिनं त्यांना दोन प्रश्न विचारले, त्यांनी दोनदा "येस" म्हटलं. मग मागून नकुलचा आवाज आला, "आईला विचार, किती वाजता येऊ." शाळांना हाफ टर्मची सुट्टी लागते आहे. शनिवारी, २५ ऑक्टोबरला, दुपारच्या जेवणाला चौघं येतात, आणि मुलं चार रात्री माझ्याकडे राहणार आहेत.

हे मी वाचून, समजून, दोघांच्या देखत सही केली. दोघांनी माझ्या देखत केली.

सुप्रभा पुरुषोत्तम खानविलकर

साक्षीदार: सुचेता मनोहर दळवी, शेजारीण
साक्षीदार: परीक्षित रामचंद्र मोकाशी, क्लबचे सेक्रेटरी

लेस्टर, रविवार, १२ ऑक्टोबर २०२५