ओव्हनमधल्या चान्या

आई, तू असतीस तर मी हे तुला विचारलंच नसतं. आपल्या घरात विचारायची पद्धत नव्हती. तू सांगायचीस आणि मी करायचे, आणि त्यात माझं काही वाईट झालं असं मला कधी वाटलं नाही. मीही माझ्या मुलीला तसंच वाढवलं, ती म्हणते थोडं जास्तच. तू गेलीस त्या वयाच्या पुढे मी केव्हाच आले आहे. नोकरीतून निवृत्त झाले, गुडघे कुरकुरतात, आणि न्यू जर्सीत पार्सिपनीच्या या घरात स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून तुला लिहिते आहे, कारण गेल्या काही दिवसांत अशी एक गोष्ट झाली की मला काय वाटतं आहे तेच मला कळत नाही. असं माझं सहसा होत नाही. तुला माहीत आहे.

सुरुवात नातीपासून झाली. शाळेच्या संघातून ती पोहते, आणि पोहून आली की लांडग्यासारखी भूक लागते तिला. तेव्हा ती जर्की खाते. जर्की म्हणजे गाईबैलाच्या मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या. इथे पेट्रोल पंपावर चिप्सच्या शेजारी त्यांची पाकिटं टांगलेली असतात, गोरी माणसं गाडीत पेट्रोल भरलं जाईस्तोवर खातात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. ती खाल्ली की नातीचं डोकं दुखायचं. डॉक्टर म्हणाले, त्यात टिकण्यासाठी घातलेली रसायनं असतात, ती तुला सोसत नसतील, काही दिवस बिनरसायनाची खाऊन बघ. लेकीने फोन केला. "आई, तू लेबलं वाचतेस ना, तर एक चांगला ब्रँड शोधून दे. पण प्लीज, त्याचा प्रोजेक्ट करू नकोस."

अर्थातच मी त्याचा प्रोजेक्ट केला. औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये आयुष्य गेलं माझं. पाकिटावर पुढे जे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ते मी वाचतच नाही, मागचं बारीक वाचते. तीन दुकानं फिरले. एकावर लिहिलं होतं, रसायनं घातलेली नाहीत. मागे बघते तर सेलरीची पावडर. म्हणजे तेच रसायन, फक्त भाजीच्या वाटेने आत आलेलं. दुसऱ्यात साखर इतकी की ती मिठाई म्हणून खपावी. तिसऱ्यात धुराचा वास बाटलीतून घातलेला. दुकानातल्या मुलीला मी म्हटलं, यात धूर कुठे आहे? ती म्हणाली, "मॅम, इट्स जस्ट अ फ्लेवर." मी पाकीट जागेवर ठेवलं आणि सरळ मांसाच्या काउंटरवर जाऊन बिनचरबीचा मोठा तुकडा घेतला. घरी करायचं ठरवलं. मीठ, मिरे, लसूण. बस.

यूट्यूबवर एक दाढीवाला माणूस होता. त्याने सांगितलं, तुकडा थोडा गोठवा म्हणजे पातळ कापता येतो, आणि आडवे काप करा. मी तसंच करायला घेतलं. पण आई, सुरी माझ्या हातात फिरली. मी आडवं कापलंच नाही. तंतूंच्या दिशेने सुरी घातली, शेवटाला बोटभर जागा न कापता सोडली, तुकडा उलटा केला, पुन्हा घातली, पुन्हा उलटा केला, आणि बघता बघता तो गोळा उलगडत जाऊन हातभर लांब पट्टी ओट्यावरून खाली लोंबायला लागली. मी सुरी खाली ठेवली. हे मला कुणी शिकवलं? तू तर नाही. तुझ्या घरात असलं काही शिजलं नाही, की शिजलं?

मला आठवतं ते असं आहे. आपण पाटबंधारे खात्याच्या क्वार्टरमध्ये राहतो. दादा ऑफिसात गेलेले असतात, तू बालवाडीत शिकवून नुकतीच आली आहेस, पांढऱ्या साडीची घडीसुद्धा मोडलेली नाही. आत्या, दादांची बहीण, गावाहून येते. डोक्यावर बोचकं, त्यात शेंगा, तांदूळ आणि फडक्यात बांधलेलं आणखी काहीतरी. ते ती तुझ्यापुढे सरकवते आणि हळूच म्हणते, "वैनी, चान्या हायत. कवळ्या हायत. पोरीला द्या भाजून." चान्या म्हणजे मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या, हे तुला सांगायला नको. तू फडक्याला हातही लावत नाहीस. आत्या म्हणते, "बाजारातनं इकत घेतल्यात, वैनी. वढून आणलेल्या न्हाईत." गावाबाहेर मेलेलं ढोर ओढायचं काम आपल्या माणसांवर होतं, आणि दीक्षा घेतल्यावर ते सुटलं, एवढं मला तेव्हाही ठाऊक होतं. तू घरात बोलायची नाहीस, पण सभांमधून ऐकलेलं होतं. तुझा आवाज चढत नाही. तो कधी चढायचा नाही, त्याचीच भीती वाटायची. तू म्हणतेस, "वन्सं, विकत घेतलं काय आणि ओढून आणलं काय. वाळत घातलं की गावाला एकच दिसतं. शेजारी कोण राहतं ठाऊक आहे ना तुम्हाला?" आत्या म्हणते, "शेजारनीला काय इचारून खायाचं का आता?" आणि मोठ्याने हसते. तू हसत नाहीस.

इथपर्यंत स्वच्छ आठवतं. पुढचं मला दोनदा आठवतं, आणि दोन्ही वेळा वेगळं. एकात तू ते फडकं उचलून मागच्या दाराने कालव्याकडे जातेस आणि रिकामं फडकं घेऊन परत येतेस, ते साबणाने धुतेस, वाळवतेस, घडी करून आत्याच्या बोचक्यावर ठेवतेस. आत्या बोचकं उचलून निघते. दुसऱ्यात दुपार आहे, स्वयंपाकघराची खिडकी लावलेली आहे, स्टोव्हवर तवा आहे, आणि तू माझ्या तोंडात काहीतरी घालतेस. खारट, कडक, मग चावता चावता मऊ होत जाणारं. तू म्हणतेस, "पटकन खा. आणि तोंड धू." हाताला लसणाचा वास. मी चावते आहे आणि तू माझ्याकडे बघत नाहीस, तव्याकडे बघते आहेस.

दोन नमुने जुळले नाहीत की आम्ही कारखान्यात तिसरा तपासायचो. इथे तिसरा कुठून आणू? दादा नाहीत, आत्या नाही. आणि शिवाय हे कापणं. आत्याने आणल्या त्या तर आधीच वाळलेल्या होत्या. मग ताजं मांस कापताना मी कुणाला बघितलं? गावी गेलं की जिथे मांस कापून वाळत घालायचे त्या मागच्या घरांकडे तू मला फिरकू द्यायची नाहीस. कदाचित मी फिरकले असेन. कदाचित तुलाच बघितलं असेल, मी फार लहान असताना, मला आठवते ती तू व्हायच्या आधी. हे वाक्य तुला आवडणार नाही, पण दुसरं सुचत नाही.

असो. मांस आधी नीट तापवून घेतलं, थर्मामीटर लावून, कारण त्या बाबतीत मी कुणाच्या आठवणीवर विश्वास ठेवत नाही. मग जाळीवर पट्ट्या पसरल्या, ओव्हन सगळ्यात कमी आचेवर, वाफ निघून जावी म्हणून दारात लाकडी चमचा अडकवला. दुपारपर्यंत घरभर वास. नात आलेली होती, ओव्हनपुढे मांडी घालून बसलेली. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. काकू असं मी मुलीमुळे म्हणते. पुण्याच्या आहेत, माझ्याच वयाच्या, आणि आम्ही वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी एकत्र चालतो. त्यांनी मला माझी जात कधी विचारली नाही. आडनावावरून त्यांना पहिल्याच दिवशी कळली असणार, आणि त्यांना कळली आहे हे मला. त्यावर आमची मैत्री बरी चालली आहे.

दारातूनच त्यांनी नाक वर केलं. "काय गं, सुकट भाजतेस की काय?"

"नाही. जर्की करते आहे. हिच्यासाठी."

"बाई गं! बीफची? घरी?" त्या आत आल्या, वाकून ओव्हनमध्ये बघितलं. "मी नाही हो खाणार, पण दिसतंय मात्र झकास. अगदी अमेरिकन झालीस की तू!"

काकूंच्या मनात काही नव्हतं. खरंच काही नव्हतं, कौतुकच होतं. आणि मला हसूही आलं आणि ते टोचलंही, आणि दोन्हीतलं कुठलं खरं ते ठरायच्या आत नातीने मान वर करून विचारलं, "आजी, हू टॉट यू धिस? यू आर लाइक, रिअली फास्ट."

मी म्हणाले, "यूट्यूब."

काकू चहा पिऊन गेल्या. नात डबा भरून घेऊन गेली. त्यानंतर मी नीट झोपलेली नाही. तू आयुष्यभर जे घराबाहेर ठेवलंस ते मी ओव्हनमध्ये घालून नातीच्या हातात दिलं, आणि वर ते कुणाचं हेही सांगितलं नाही. सांगितलं तर तू ज्यासाठी झिजलीस त्यावर मी पाणी ओतते. नाही सांगितलं तर मी तुझ्याच जागी येऊन बसते, खिडकी लावून. माझी मुलगी, नातीची आई, तिला दीक्षा माहीत आहे, दरवर्षीचा कार्यक्रम माहीत आहे, पुस्तकांतला सगळा इतिहास माहीत आहे. चान्या माहीत नाहीत. तेवढं मी तिच्यापर्यंत पोचू दिलं नाही, आणि त्याला मी संस्कार म्हणत होते.

या शनिवारी नात पुन्हा आली. डोकं दुखलं नव्हतं. तिच्या मैत्रिणींनी डबा संपवला होता, आणखी हवी होती. मी तिच्या हातात सुरी दिली, माझा हात तिच्या हातावर ठेवला आणि कापायला लावलं. निम्मं झाल्यावर म्हटलं, "मी त्या दिवशी यूट्यूब म्हटलं ना, ते खोटं होतं." मग सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, कारण मराठीत मला ते जमलं असतं असं वाटत नाही. आपल्या माणसांना गावाबाहेर ठेवायचे, कारण ते हे खातात. आणि ते हे खायचे, कारण गावात त्यांना दुसरं काही मिळू देत नसत. याला चान्या म्हणतात. माझ्या आईने ते घरातून घालवलं. बहुतेक घालवलं.

ती कापता कापता ऐकत होती. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा चिडेल, शाळेत शिकवतात तसं काही अन्यायाबद्दल बोलेल. ती म्हणाली, "चान्या." पुन्हा म्हणाली, बरोबर म्हणाली. मग, "सो वी वेअर मेकिंग जर्की बिफोर इट वॉज कूल?"

मला हसायचं होतं की तिच्या पाठीत धपाटा घालायचा होता, अजून माहीत नाही. आत्या असती तर हसली असती.

"डिड युअर मॉम लाइक इट?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"यू नेव्हर आस्क्ड?"

"आईला असलं विचारत नाहीत."

"मी तुला विचारते की," ती मराठीत म्हणाली, आणि पुन्हा सुरी उचलली. हात चांगला आहे तिचा. पट्टी एकदाही तुटली नाही.

संध्याकाळी तिच्या मैत्रिणीची गाडी आली. डबा काखेत मारून नात दारात थांबली. "आजी, त्यांनी विचारलं तर काय सांगू? व्हॉट डू आय कॉल इट?"

त्या एका क्षणात मी तुझ्याकडे बघितलं, आई. कुठे बघितलं ते विचारू नकोस. मी म्हटलं, "तुला वाटेल ते सांग." असं उत्तर मी आजवर कुणालाही दिलेलं नाही, मुलीला तर नाहीच.

ती गाडीत बसली, डबा उघडून पुढच्या सीटवरच्या मुलीपुढे धरला आणि काहीतरी म्हणाली. काच वर होती, ऐकू आलं नाही. त्या मुलीने एक पट्टी उचलली, चावली, मान हलवली, आणि गाडी गेली.

हे पत्र कुठे ठेवायचं मला सुचत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, असलं लिहून ठेवतात का? नसतील ठेवत. पण एक लिहितेच, मग बंद करते. ती गाडीत जर्कीच म्हणाली असू दे, असं मला त्या वेळी वाटलं. आणि आता इतक्या वेळाने, तुला लिहिता लिहिता, वाटतं की म्हणाली नसू दे.