विमानाचं घर पाहून आले

डिंडोली, सुरत
८ डिसेंबर १९९६

चिरंजीव धुडकू यास थोरली बहीण पार्वतीचे आशीर्वाद. (साठीला आलास तरी माझ्या पत्रात तू चिरंजीवच राहशील, रागावू नकोस.) तुझी कंबर कशी आहे? भावजयीचा खोकला गेला का? आम्ही इथं सगळे सुखरूप, म्हणजे जमिनीवर आहोत. अक्षर वेडंवाकडं दिसतंय ते माझ्या दोन यत्तांमुळं, भीतीमुळं नाही. भीती कसली, मी विमानात बसून आले. खोटं वाटत असेल तर पाणी पी आणि ही ओळ पुन्हा वाच.

तुला ठाऊकच आहे, आपल्या गायत्रीला हेमराजचं स्थळ आलंय. (माझ्या निंबाला तुझी मालती केली, म्हणून गायत्री तुझीही नात नि माझीही. घरातलीच सून केल्याचं एक सुख, भांडायला परकं माणूस लागत नाही.) पोरगा मुंबईत विमानाच्या कंपनीत आहे, तंबाखूसुद्धा खात नाही. गायत्री तोंडानं काही बोलत नाही, पण त्याचा विषय निघाला की तव्यावरची पोळी करपते, त्यावरून मी समजले. सगळं जमत आलं आणि गेल्या महिन्यात दिल्लीकडं दोन विमानं आभाळात एकमेकांवर आदळली. गेलेल्यांच्या घरच्यांवर काय गुजरली असेल ते त्यांनाच माहीत, त्यावर मी बोलत नाही. पण टीव्हीवर ते बघून तुझ्या लेकीनं जे अंथरूण धरलं ते धरलंच. विमानवाल्याला पोर देणार नाही म्हणते. वर तुझं कार्ड आलं की मालतीचं बरोबर आहे, विमान म्हणजे उडतं सरण. तुला कुणी विचारलं होतं? तू एस.टी.त चाकावरच्या जागेवर बसत नाहीस! तिकडं हेमराजकडचे म्हणाले, १५ तारखेच्या रविवारपर्यंत कळवा, नाहीतर आम्ही नंदुरबारची पोर बघतो.

मी मालतीला म्हटलं, बाई, पलसाण्याच्या हायवेवर रोज एखादा ट्रक उलटतो, म्हणून ट्रकवाल्यांची लग्नं थांबली का? दोन वर्षांमागं सुरतेत प्लेग आला तेव्हा तुझा नवरा आगगाडीच्या टपावर बसून गावी गेला, तूच तर त्याला वर ढकललंस. पण सासूचं खरं मानायचं नाही असा तिचा नेम आहे. मग मी विचार केला, पोर द्यायच्या आधी आपण मुलाचं घर पाहायला जातो की नाही? ज्याचा सारा दिवस विमानात जातो, त्याचं घर विमानच. निंबाला म्हटलं, माझ्या दिवसकार्याला ठेवलेले पैसे काढ आणि मुंबई ते बडोदा तिकीट आण. विमान पडलं तर कार्य आपोआप उरकेल, नाही पडलं तर कार्य लांबलं.

मुंबईला हेमराजनं विमानाच्या दारापर्यंत सोडलं, पाया पडला. (वाकताना पँट फाटली नाही, म्हणजे कापड चांगलं वापरतो.) आत शिरल्याबरोबर एका साडीतल्या पोरीनं गोळ्यांचं ताट पुढं केलं. मी हात मागं घेतला. घर पसंत पडायच्या आधी गोड कसं खाणार? पोरगी गुजराती, म्हणाली, बा, कान दडू नयेत म्हणून असते, घ्या. मी म्हटलं, कान माझे मी बघीन, आधी तुझी चूल दाखव. चूल नाही! डबे नुसते गरम करतात. एक खोट लिहून ठेवली. भिंत वाजवून पाहिली, आपल्या गोठ्याच्या पत्र्याहून बरी. मोरी पाहायला गेले तर पाणी असं डरकाळी फोडून गेलं की मला वाटलं विमानाचं बूच मीच काढलं. तशीच बाहेर पळाले.

शेजारी जरीच्या धंद्यातला एक मोठा शेठ, दोन्ही हातांनी खुर्ची आवळून, डोळे मिटून नामस्मरण करत होता. मी म्हटलं, शेठ, तुम्ही धरून ठेवल्यानं ते वर राहत नाही, हात सोडा. तेवढ्यात गचका बसला, शेठनं खुर्ची सोडून माझा हात धरला. (मालतीला सांगू नकोस.) सगळे किंचाळले. मला तर लहानपणी तू छकडा नाल्यात घातला होतास ते आठवलं आणि हसू आलं. मग खाली तापीमाय दिसली, वाळत घातलेल्या धोतरासारखी! मी पदराच्या गाठीतलं नाणं काढलं, खिडकी उघड म्हटलं, तर पोरगी म्हणते, बा, आ बारी खूलती नथी, म्हणजे ही खिडकी उघडतच नाही. ही दुसरी खोट. शिवाय सुरत खाली असून विमान थांबलं नाही, बडोद्याला नेऊन उतरवलं, तिथं निंबा घ्यायला आला होता, त्यानं आगगाडीनं परत आणलं. नाणं तापीच्या पुलावरून टाकलं.

पण विमान टेकलं ना, सशासारखं दोनदा उडून, तेव्हा मी त्या पोरीला बोलावलं, म्हटलं, आण आता तुझं ताट. मूठभर गोळ्या घेतल्या, एक तिथंच तोंडात टाकली. घर पसंत.

तुझी बहीण,
पार्वती

ता.क. मालतीनं अजून तिची गोळी खाल्ली नाही, उशाशी ठेवली आहे. ती तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. तेव्हा रविवारच्या आत इकडं निघून ये आणि तिच्यासमोर बसून खा. पाकिटात तुझी गोळी घातली आहे.

ता.क. आणखी एक. हेमराज विमानात बसतच नाही. खाली जमिनीवर उभा राहून नटबोल्ट आवळतो, जन्मात कधी उडाला नाही, मध्यस्थानं आणि आपण कुणी विचारलंच नाही. हे सांगितलंस की मालती लगेच उठून बसेल. मला त्यानं विमानाच्या दारातच सांगितलं होतं. पण तोवर माझी पिशवी तपासून झाली होती.